स्वावलंबन मोजायचे कसे?



प्रयोगशाळेत पहिल्याच तासाला तुमच्या हाती व्हर्नियर कॅलिपर येतो. लोखंडी गोळ्याचा व्यास मोजा, शून्यांकी त्रुटी वजा करा, तीन वेळा वाचन घ्या, सरासरी काढा; एवढे सोपस्कार केले की उत्तर मिळते. लांबी, वस्तुमान, काळ, तापमान ही सारी अशी मोजता येतात. आता एक वेगळाच प्रश्न घ्या. समजा, झाडावरून पडून पाठीच्या कण्याला जबर दुखापत झालेला एक तरुण तीन महिने रुग्णालयात आहे. घरचे विचारतात, "घरी आल्यावर हा स्वतःचे स्वतः किती करू शकेल? त्याच्याजवळ कोणीतरी सतत थांबावे लागेल का?" डॉक्टरांना पाहायचे असते, की गेल्या महिन्याच्या उपचारांनी फरक पडला का, आणि पडला असेल तर किती. "बरे आहे", "थोडी सुधारणा दिसते" अशा उत्तरांनी यातले काहीच ठरत नाही. 'किती' हा शब्द आला की मोजमाप आले. पण स्वावलंबनाला कोणती फूटपट्टी लावणार?

अशी फूटपट्टी खरोखरच तयार करण्यात आली आहे. ती कशी बनली, तिच्यावर खुणा कोठे केल्या आणि ती कोठे फसवू शकते, हे आपण पाहू. मी शिकवतो भौतिकशास्त्र. रोग्यावर उपचार करणे हे माझे काम नव्हे. मोजमापाचे नियम मात्र दोन्हीकडे सारखेच आहेत.

दुखापत कोठे आहे?

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातील पोकळीतून खाली येतो. मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर आणि जाडी करंगळीएवढी असते. त्यातून चेतातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात: मानेत ८, छातीच्या भागात १२, कमरेत ५, त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडाजवळ १. मेंदूचे हुकूम खाली जातात ते ह्याच मार्गाने, आणि त्वचेची खबर वर येते तीही ह्याच मार्गाने. मज्जारज्जूला इजा झाली की इजेच्या खालच्या भागाचा मेंदूशी असलेला संपर्क पूर्णपणे किंवा काही अंशी तुटतो. म्हणून इजा जितकी वर, तितका शरीराचा अधिक भाग निकामी होतो.

हा हिशेब बराच नेमका आहे. मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या जोडीवर श्वासपटल चालते. पाचवी कोपर वाकवते, सहावी मनगट वर उचलते, सातवी कोपर सरळ करते, आठवी बोटे मिटवते. कमरेच्या दुसऱ्या जोडीपासून त्रिकास्थीच्या पहिल्या जोडीपर्यंतचे तंतू मांडी, गुडघा व घोटा हलवतात. डॉक्टर दोन्ही बाजूंचे प्रत्येकी १० ठरावीक स्नायू तपासतात आणि प्रत्येकाला ० ते ५ गुण देतात. २ × १० × ५ म्हणजे पूर्ण गुण १००. स्पर्शाची आणि टाचणीच्या टोचण्याची तपासणी वेगळी.

ही झाली दुखापतीची मोजणी. आपल्याला मोजायचे आहे ते काम. आणि दुखापत व काम ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हे तुम्ही आत्ताच्या आत्ता स्वतःच्या हातावर पाहू शकता. कोपर टेबलावर टेका, पंजा सैल सोडा आणि मनगट खाली पडू द्या. बोटे आपोआप थोडी उघडतील. आता बोटांना मुद्दाम न हलवता फक्त मनगट वर उचला. बोटे आपोआप आत वळतील आणि अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकेल. बोटे मिटवणारे स्नायूबंध मनगटावरून पुढे जातात. मनगट वर झाले की त्यांचा मार्ग लांबतो, ते ताणले जातात आणि बोटांना ओढून घेतात. दोरी आणि कप्पी यांचाच हा खेळ आहे. ज्याच्या मानेतील सहावी जोडी शाबूत आहे पण आठवी नाही, त्याच्या बोटांच्या स्नायूंना तपासणीत शून्य गुण मिळतात. तरी तो ह्या युक्तीने चमचा किंवा पेन धरू शकतो. त्यामुळेच अशा रुग्णाची बोटे मनगट वर ठेवून सरळ ताणत बसू नयेत असे उपचारतज्ज्ञ सांगतात. स्नायूबंध सैल पडले की पकड गेली.

दुसरे उदाहरण कोपराचे. कोपर सरळ करणारा स्नायू चालत नसेल तर हातावर भार देऊन अंग उचलणे अशक्य, असे कोणालाही वाटेल. पण खांदा बाहेरच्या बाजूला फिरवून, तळहात किंचित मागे टेकवून कोपर सरळ अवस्थेत आणले, तर भाराची रेषा सांध्यातून अशी जाते की कोपर मुडपत नाही. भाराच्या रेषेचे सांध्यापासूनचे लंबांतर शून्याजवळ आले, म्हणजे बलाचे परिबलही शून्याजवळ आले. परिबलच नसेल तर ते रोखायला स्नायू कशाला हवा? ही युक्ती साधलेला माणूस खाटेवरून चाकाच्या खुर्चीवर सरकतो. न साधलेल्याला दोन माणसे उचलून ठेवतात. स्नायूंचे गुण दोघांचेही सारखेच!

जुन्या पट्ट्या

म्हणून कामाचीच मोजणी करणाऱ्या पट्ट्या आल्या. १९६५ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी प्रसिद्ध केलेला बार्थेल निर्देशांक हा त्यातला फार गाजलेला. जेवणे, आंघोळ, कपडे, चालणे, जिने अशी १० कामे, एकूण गुण १००. पाच-पाचच्या टप्प्यांनी गुण द्यायचे. सोपी, सुटसुटीत पट्टी; पण तिच्या खुणा फार विरळ. मिलिमीटरच्या खुणा नसलेल्या पट्टीने तारेची जाडी मोजायला गेलो तर जे होईल तेच येथे होते. रुग्ण महिनाभर झटून थोडासा पुढे सरकतो, आणि पट्टी म्हणते, फरक नाही.

नंतर १९८०च्या दशकात अमेरिकेतच 'फिम' नावाची पट्टी आली. तिच्यात १८ बाबी आहेत आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण. म्हणजे कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त १२६. (काहीही न करता १८ गुण! शून्यांकी त्रुटी वजा करायला विसरणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) ह्या १८ पैकी ५ बाबी समज, बोलणे, स्मरण अशा आहेत. मेंदूला इजा झालेल्यांसाठी त्या हव्यातच. पण मज्जारज्जूच्या दुखापतीत मेंदू बहुधा शाबूत असतो. त्यामुळे असा रुग्ण पहिल्या दिवशीच ह्या बाबींत ५ × ७ = ३५ गुण मिळवतो आणि शेवटपर्यंत ते तेवढेच राहतात. पट्टीचा हा तुकडा त्याच्या बाबतीत काहीच मोजत नाही. उलट, मानेला इजा झालेल्या माणसाच्या जिवाशी गाठ असलेला श्वास मात्र बार्थेल आणि फिम या दोन्ही पट्ट्यांत नाहीच.

नवी पट्टी

इस्राएलमधील रआनाना येथे लोवेनस्टाइन नावाचे पुनर्वसन रुग्णालय आहे. तेथील अमीराम कात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली खास मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी एक पट्टी प्रसिद्ध केली. तिचे नाव 'स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेझर', थोडक्यात 'स्किम'. २००१ मध्ये तिची दुसरी आणि २००७ मध्ये तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. ही तिसरी आवृत्तीच पुढे अनेक देशांत पसरली. ० ते १०० गुण, तीन भाग, १९ बाबी.

पहिला भाग स्वतःची निगा: जेवण, आंघोळ, कपडे घालणे, दात घासणे, केस विंचरणे वगैरे. त्याला २० गुण. तिसरा भाग हालचाल: अंथरुणात कूस बदलण्यापासून जिना चढण्यापर्यंत. त्याला ४० गुण. आणि मधला भाग श्वास व मलमूत्रविसर्जन, त्यालाही ४०. त्यातले १५ एकट्या मूत्राशयाच्या व्यवस्थेला, १० श्वासाला, १० आतड्याच्या नियंत्रणाला आणि ५ शौचालयाच्या वापराला.

येथे जरा थांबा. जिना चढण्याला किती गुण असतील? फक्त ३! रुग्णाचे नातेवाईक बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो "चालेल ना?" हा. पट्टी करणाऱ्यांनी लघवीच्या व्यवस्थेला जिन्याच्या पाचपट वजन दिले. ह्याला कारण आहे. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावत, आणि ते पाय लुळे पडल्यामुळे नव्हे. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होऊन आणि अंगाला व्रण पडून. आजही आपली लघवी आपण, वेळेवर आणि स्वच्छपणे काढू शकणारा माणूस खुर्चीत बसून शाळेत, कचेरीत, लग्नाला जाऊ शकतो. जो हे करू शकत नाही त्याला दुसऱ्या माणसाच्या वेळापत्रकाने जगावे लागते. माझ्या मते ह्या पट्टीतील सर्वांत विचारपूर्वक केलेली खूण हीच.

व्रणांचेही भौतिकशास्त्र आहे. ६० किलोग्रॅमचा माणूस खुर्चीत बसला आहे. त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग, म्हणजे ढोबळमानाने ४५० न्यूटन, बैठकीवर पडतो असे धरू. टेकलेली जागा ३० सें.मी. × ३० सें.मी., म्हणजे ०.०९ चौरस मीटर. दाब = बल ÷ क्षेत्रफळ = ५००० पास्कल. पाऱ्याच्या उंचीत हे ३७ मिलिमीटरच्या वर गेले. आपल्या केशवाहिन्यांच्या सुरुवातीच्या टोकाला रक्ताचा दाब साधारण ३२ मिलिमीटर असतो. म्हणजे नुसत्या बसण्यानेही त्या दबू शकतात. आणि बैठकीच्या हाडांखाली दाब सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असतो. तुम्ही-आम्ही वर्गात सारखी चुळबुळ करतो (आणि बोलणी खातो) ती ह्यामुळेच: रक्त अडले की त्वचा मेंदूला कळवते आणि आपण नकळत सरकतो. मज्जारज्जू तुटलेल्याला ही खबर मिळतच नाही. म्हणून घड्याळ पाहून, आठवणीने अंग उचलणे किंवा एका बाजूला झुकणे त्याला शिकावे लागते. अंथरुणातील हालचाल आणि व्रण टाळण्याची ही कृती मिळून स्किममध्ये ६ गुण आहेत. जिन्याच्या दुप्पट!

प्रत्येक खुणेचा अर्थ शब्दांत लिहून ठेवलेला असतो. जेवणाचेच पाहा. नळीने किंवा पूर्णपणे दुसऱ्याने भरवावे लागत असेल तर ०. थोडी मदत लागत असेल तर १. स्वतः जेवतो, पण खास साधन लागते, किंवा पदार्थ कापायला, पेला भरायला, डबा उघडायला तेवढी मदत लागते, तर २. कसलीच मदत वा साधन लागत नसेल तर ३. आपल्याकडे जेवण हाताने. भाकरीचा तुकडा एका हाताने मोडणे हे काम काट्याने उचलून खाण्यापेक्षा बोटांना अवघड आहे, तर भात कालवून खाणे त्याहून वेगळे. ही पट्टी वापरणाऱ्या आपल्याकडील तज्ज्ञाला ताटात काय आहे हेही पाहावे लागेल. तसेच जमिनीवरून खुर्चीत बसण्याचे. त्याला स्किममध्ये अवघा १ गुण आहे. पण ज्या घरात जेवण, झोप, गप्पा सगळे जमिनीवरच चालते, त्या घरात ह्या कामाचे मोल एका गुणाहून पुष्कळ जास्त आहे, असे मला वाटते.

आणखी एक नियम महत्त्वाचा. माणूस काय करू शकेल हे नव्हे, तर तो प्रत्यक्षात काय करतो ते लिहायचे. "मनात आणले तर करेल" ह्याला गुण नाहीत.

दोन परीक्षक, एक रुग्ण

एकाच गोळ्याचा व्यास तुम्ही आणि तुमच्या मित्राने मोजला आणि उत्तरे निराळी आली, तर दोष कॅलिपरचा की डोळ्यांचा? ह्या पट्टीलाही हीच कसोटी लावावी लागली. तिसऱ्या आवृत्तीसाठी तीन खंडांतील ६ देशांच्या १३ केंद्रांत ४२५ रुग्णांची तपासणी झाली. प्रत्येक रुग्णाला दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण दिले. बहुतेक बाबींत ८० टक्क्यांहून अधिक वेळा दोघांचे गुण तंतोतंत जुळले.

८० टक्के म्हणजे चांगले का? थोडा विचार करा. समजा, एखाद्या बाबीला 'हो' आणि 'नाही' अशी दोनच उत्तरे आहेत आणि दोन्ही परीक्षक डोळे मिटून नाणे उडवतात. तरीही निम्म्या वेळा त्यांचे जुळेलच! म्हणून नुसते जुळणे पुरत नाही. योगायोगाने जे जुळले असते ते वजा करायला हवे. प्रत्यक्ष जुळणी ०.८५ आणि योगायोगाची जुळणी ०.५० असेल, तर (०.८५ − ०.५०) ÷ (१ − ०.५०) = ०.७. ह्या संख्येला 'कप्पा' म्हणतात. जेकब कोहेन यांनी ती १९६० साली सुचवली. १ आला तर पूर्ण एकमत, ० आला तर नुसते नाणे. तुमच्या शाळेत निबंध तपासणाऱ्या दोन शिक्षकांचा कप्पा किती येईल, हा प्रश्न मी येथे विचारत नाही.

शंभरातले साठ म्हणजे काय?

आता सर्वांत अवघड भाग. खनिजांच्या काठिण्याची मोहची श्रेणी तुम्हाला भूगोलात किंवा रसायनशास्त्रात भेटली असेल. फ्रीडरिश मोह यांनी १८१२ साली ती मांडली: शंखजिरे १, पुष्कराज ८, कुरुंद ९, हिरा १०. ह्यात ९ हा ८ च्या वर आणि १० हा ९ च्या वर, एवढेच खरे. पण हिरा आणि कुरुंद यांच्यातील अंतर हे कुरुंद आणि पुष्कराज यांच्यातील अंतराच्या कितीतरी पट आहे. ही संख्या क्रम सांगते, अंतर सांगत नाही. सेंटिमीटरचे तसे नाही. तेथे ८ ते ९ आणि ९ ते १० ही अंतरे अगदी सारखी.

मग स्किमचे गुण मोहसारखे की सेंटिमीटरसारखे? मूत्राशयाच्या बाबीतील खुणाच पाहा: ०, ३, ६, ९, ११, १३, १५. आधी तीन-तीनची पायरी, मग दोन-दोनची. ह्या पायऱ्या निसर्गाने दिलेल्या नाहीत. तज्ज्ञांनी विचार करून ठरवल्या आहेत. म्हणून २० वरून ३० झालेला रुग्ण आणि ७० वरून ८० झालेला रुग्ण यांची प्रगती 'सारखीच' असे म्हणता येत नाही. आणि दोघांचे गुण ६० असले तरी ते दोघे सारखे नव्हेत. एकाचे १८ + २२ + २०, दुसऱ्याचे १० + ३४ + १६. पहिला स्वतः जेवतो, कपडे घालतो, पण मलमूत्राच्या बाबतीत परावलंबी आहे. दुसऱ्याचे उलट. घरी मदतनीस ठेवायचा तर दोघांना निरनिराळा माणूस, निरनिराळ्या वेळी लागेल. बेरीज करताना हे सगळे पुसले जाते.

ह्यावर डेन्मार्कचे गणिती गेओर्ग राश यांनी १९६० साली एक मार्ग दाखवला. तो मुळात शाळकरी मुलांच्या चाचण्यांसाठी होता. कल्पना उंच उडीसारखी आहे. उडी मारणाऱ्याची ताकद आणि आडव्या काठीची उंची एकाच मापात मांडायची. ताकद आणि उंची बरोबर असतील तर उडी साधण्याची शक्यता निम्मी. ताकद वरचढ असेल तर अधिक, उंची वरचढ असेल तर कमी. पुष्कळ रुग्णांची पुष्कळ कामांतील यशापयशे एकत्र मांडली, की कोणते काम किती 'उंच' आहे आणि दोन कामांमध्ये खरोखर अंतर किती आहे हे गणिताने काढता येते. स्किमची अशी तपासणी २००७ मध्ये झाली, आणि तीही तिन्ही भागांची स्वतंत्रपणे. लांबी आणि वस्तुमान यांची बेरीज आपण करत नाही, तसेच हे.

खुर्ची, उतरण आणि उंबरठा

मोजमाप नीट झाले तर काय होते, याचे एक उदाहरण क्रीडांगणावरचे. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी १९४४ साली मज्जारज्जूच्या जखमींसाठी विभाग सुरू केला आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, खुर्चीत बसलेल्या रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पुढे ह्यातूनच पॅरालिंपिक स्पर्धा उभ्या राहिल्या. पण छातीखाली लुळा असलेला आणि कमरेखाली लुळा असलेला यांची शर्यत न्याय्य कशी? म्हणून गट पाडावे लागले. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात अडकली आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीच्या तिसऱ्या गटात ३७.३३ सेकंदांत ते पहिले आले. भारताचे हे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक. त्या काळी गट मुख्यतः इजेच्या जागेवरून पाडत. पुढे, पाण्यात किंवा मैदानात माणूस प्रत्यक्ष काय करू शकतो ह्यावरून पाडू लागले. म्हणजे येथेही मोजणी दुखापतीकडून कामाकडे सरकली.

आता शेवटची गोष्ट, आणि हे गणित तुम्ही स्वतः करायचे आहे. स्किममधील हालचालीचे गुण माणसाचे असतात असे आपण म्हणतो, पण माणूस फिरतो तो कुठल्यातरी जमिनीवर. माणूस ६० किलो आणि खुर्ची २० किलो धरू. चाकाच्या खुर्चीसाठी १२ मीटरला १ मीटर चढ, ही उतरणीची मान्य मर्यादा आहे. ह्या उतरणीवर खुर्ची नुसती तोलून धरायला ८० × ९.८ ÷ १२, म्हणजे सुमारे ६५ न्यूटन बल लागते. उतरण ६ मीटरला १ मीटर केली तर ते जवळजवळ दुप्पट होते. खांदे तेच, माणूस तोच, गुण मात्र बदलले!

उंबरठ्याचे गणित आणखी मजेदार आहे. चाकाची त्रिज्या r, उंबरठ्याची उंची h आणि त्या चाकावरचा भार W असेल, तर आसावर आडवे ढकलून चाक वर चढवायला लागणारे बल

F = W × √(r² − (r − h)²) ÷ (r − h)

इतके येते. उंबरठ्याच्या कडेभोवती परिबले घ्या, म्हणजे सूत्र कसे आले ते कळेल. पुढच्या लहान चाकाची त्रिज्या १० सें.मी. आणि उंबरठा २ सें.मी. असेल तर F = ०.७५ W. उंबरठा ५ सें.मी. केला तर F = १.७३ W. म्हणजे चाकावर जितका भार आहे त्याहून जास्त जोराने ढकलावे लागेल. मागच्या ३० सें.मी. त्रिज्येच्या मोठ्या चाकाला २ सें.मी.चा तोच उंबरठा ०.३८ W एवढ्यावर चढता येतो. सराईत माणूस खुर्ची किंचित मागे झुकवून पुढची लहान चाके हवेतूनच पलीकडे नेतो, ते का, हे यावरून ध्यानात येईल.

दोघादोघांचे गट करून, एक टेप आणि एक ओळंबा घेऊन, आपल्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंतचा प्रत्येक चढ आणि प्रत्येक उंबरठा मोजा. गटातील दोघांनी वाचने स्वतंत्रपणे घ्यावीत आणि नंतरच ताडून पाहावीत. शौचालयाच्या दाराची रुंदीही मोजा. मग प्रत्येक ठिकाणी ८० किलोच्या खुर्चीला किती बल लागेल त्याचा तक्ता करून मुख्याध्यापकांकडे द्या.